सोडियम परबोरेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्याच धुण्याला मी डाग काढणाऱ्या या पावडरीच्या नावाने बोटं मोडली होती. उशीचे अभ्रे कोमट पाण्यात दोन तास भिजवले, तरी जसेच्या तसे पिवळट. बादलीच्या तळाशी पावडर बारीक वाळूसारखी बसलेली. चूक माझीच होती. हिला हात घालवणार नाही इतकं गरम पाणी लागतं, 60 अंशांच्या आसपास किंवा वर. तेच अभ्रे पुन्हा तसे भिजवले आणि घामाचा पिवळेपणा अर्ध्या तासात उतरला.

याआधी मी सोडियम परकार्बोनेट, म्हणजे डाग काढणारी दुसरी पावडर, वापरायचे. दोन्ही पाण्यात डाग घालवणारं हायड्रोजन पेरॉक्साइडच सोडतात, मग फरक कसला, असं मला वाटायचं. फरक जोडणीत आहे. परकार्बोनेटच्या स्फटिकात पेरॉक्साइड धुण्याच्या सोड्याशेजारी नुसतं बसलेलं असतं, पाणी लागलं की सुटतं. परबोरेटमध्ये ते बोरॉनला थेट बांधलेलं असतं: दोन बोरॉन, त्यांच्यामध्ये ऑक्सिजनच्या जोड्यांचे दोन पूल, असं सहा अणूंचं कडं. पाण्यात हे कडं उघडतं, पेरॉक्साइड आणि बोरेट वेगळे होतात, आणि थोडे पुन्हा एकमेकांना धरतातही.

हे बोरेट बोरिक आम्लाचंच रूप, आणि त्या आम्लाचं वागणं मजेशीर आहे. ते स्वतःचा हायड्रोजन सोडत नाही, पाण्यातला हायड्रॉक्साइड ओढून घेतं. त्यामुळे बोरेट असलेलं पाणी 9 ते 10 पीएचला, म्हणजे अल्कधर्मी, टिकून राहतं. डाग काढतो तो पेरॉक्साइडचा ऋणभारित आयन, आणि 10 पीएचलाही शंभरातले दोन-तीनच रेणू त्या रूपात असतात. बाकीची कसर उष्णतेने भरून काढावी लागते. 1907 साली जर्मनीत पर्सिल ही धुण्याची पावडर निघाली, तिच्या नावातलं 'पर' या परबोरेटचंच. तेव्हा कपडे उकळूनच धुवायचे, त्यामुळे जमून गेलं.

डब्यावरचं नाव नीट वाचा, परबोरेट दोन प्रकारांत मिळतं. टेट्राहायड्रेटमध्ये कामाचा ऑक्सिजन सुमारे 10.4 टक्के, मोनोहायड्रेटमध्ये 16, परकार्बोनेटमध्ये साधारण 15. (मोनोहायड्रेटच्या स्फटिकात पाण्याचा सुटा रेणू नसतोच, नाव जुन्या सूत्रामुळे चिकटलंय.) माझ्याकडे टेट्राहायड्रेट आहे, म्हणजे माप जास्त लागतं. टिकायला मात्र चिवट: दमट हवेत परकार्बोनेटचा गठ्ठा झाला, ही पावडर आठ महिन्यांनंतरही सुटी आहे.

दोन फजित्या सांगते. एका अभ्र्याला गंजका हुक होता. धुतल्यावर हुकाभोवती टाचणीने टोचावीत तशी भोकं. लोखंडाच्या संगतीत पेरॉक्साइड भराभर फुटतं आणि त्यातून निघणारे कण सुताचे धागेच तोडतात. आता भिजवण्याआधी हुक-बटणं तपासते. दुसरी फजिती परकार्बोनेटची: उरलेलं द्रावण फवाऱ्याच्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवलं, सकाळी बाटली फुटबॉलसारखी टम्म. 10 ग्रॅम पावडरीतून लिटरभराहून जास्त ऑक्सिजन निघतो, तो जाणार कुठे? विरघळवलेलं त्याच दिवशी संपवायचं, दोन्हींच्या बाबतीत.

माझी खरी तक्रार पेरॉक्साइडबद्दल नाही, बोरॉनबद्दल आहे. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं. बोरॉन फुटत नाही, उडून जात नाही. धुण्याचं पाणी मी लिंबाच्या कुंडीत ओतत होते. दोन महिन्यांत जुन्या पानांची टोकं आधी पिवळी, मग करपलेली. झाडांना बोरॉन लागतं, पण पुरेसं आणि जास्त यांत अंतर फार थोडं, आणि लिंबाला तर ते लवकर बाधतं. युरोपीय संघाने परबोरेटला प्रजननाला घातक पदार्थांच्या यादीत घातलंय, म्हणून पावडर काढताना हातमोजे घालते आणि धूळ उडू देत नाही.

रोजच्या धुण्याला मी परत परकार्बोनेटवर आले आहे. डब्यात तळाशी बोटभर परबोरेट उरलंय, ते चादरींना वापरून संपवीन. ते पाणी आता कुंडीऐवजी मोरीत जातं. तिथूनही बोरॉन पुढे कुठेतरी पोचतंच, म्हणून दुसरा डबा आणणार नाही.