पुस्तकं द्यायची, पण कुणाकडे?

माळ्यावरून पुस्तकांची खोकी खाली आली की पहिल्यांदा ग्रंथालयच आठवतं. दोन वर्षांपूर्वी मीही दोन खोकी जवळच्या एका ग्रंथालयात नेऊन दिली. आठ महिन्यांनी गेले तर ती कोपऱ्यात तशीच होती, सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. राग आला. मग तिथल्या बाईंनी दाखल नोंदवही दाखवली. आलेलं प्रत्येक पुस्तक तिच्यात चढवायचं, दाखल क्रमांक घालायचा, शिक्के मारायचे, वर्गीकरण करायचं. आणि एकदा चढवलेलं पुस्तक काढायचं तर रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून ते अधिकृतपणे कमी करणं. गाजलेल्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रतीसाठी हे सगळं कोण करणार? म्हणून ग्रंथालयाला आधी यादी पाठवा आणि ते ज्यांवर खूण करतील तेवढीच पुस्तकं न्या. आपल्या भागाचा इतिहास, शब्दकोश, धड बांधणीची बालपुस्तकं यांना तिथे विचारा. विश्वकोशाचे खंड कुणी सहसा घेत नाही, कारण ते ऑनलाइन फुकट वाचता येतात.

शाळा-कॉलेजची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतील तर सरळ जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे जा. पुण्यात अप्पा बळवंत चौक त्यासाठीच आहे. पैसे थोडेच मिळतात, पण पुस्तक गरजवंताच्या हातात पडतं. अभ्यासक्रम बदलला की मात्र तेच पुस्तक रद्दीच्या भावात जातं, तेव्हा वर्ष संपताच द्या.

कथा, कविता, प्रवासवर्णनं यांच्यासाठी मी तिसरीच वाट धरेन: थेट वाचकाला देणं. आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो आणि सध्या काय वाचतोय ते सांगतो. त्यातूनच कुणाला काय द्यावं ते कळतं. एक काका म्हणाले, नर्मदा परिक्रमेवर मिळेल ते वाचतोय. माझ्याकडे आईचं तसं एक पुस्तक होतं, समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं. ग्रंथालयात अशा खुणा म्हणजे खराबी, विक्रेत्याकडे भाव पडायला कारण. काकांनी आधी त्या खुणाच वाचल्या. पुढच्या बैठकीला त्यांनी मला एक पाकीट दिलं. आत आईने खूण म्हणून ठेवलेलं एसटीचं तिकीट होतं, शाई जवळजवळ उडालेलं. ‘पुस्तक माझं, हे तुझं,’ म्हणाले.

ही वाट सावकाशीची आहे. पंधरा दिवसांत घर रिकामं करायचं असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. वाचक परगावी असेल तर मे 2025 पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100 रुपये, वर कर. ती जमिनीवरून जाते, त्यामुळे वेळ लागतो. पण पाच किलो म्हणजे पंधरा-वीस पुस्तकं होतात.

कसर लागलेलं, बुरशीचा वास येणारं पुस्तक मात्र कुणालाच देऊ नका, कितीही आवडतं असलं तरी. ते शेजारच्या पुस्तकांनाही खराब करतं. तेवढंच रद्दीत जाऊ द्या, आणि त्याआधी पहिल्या पानावर कुणी लिहून दिलेल्या चार ओळी असतील तर ते पान कापून ठेवा.