आयएफकॉन्फिग की आयपी? लिनक्सवर नेटवर्कचा पत्ता पाहण्यासाठी कोणती कमांड वापरावी

लिनक्स सर्व्हर सांभाळण्याची जबाबदारी नव्याने आलेल्याने नेटवर्कचा पत्ता पाहण्यासाठी जुनी ‘आयएफकॉन्फिग’ शिकावी की थेट नव्या ‘आयपी’ कमांडकडे वळावे, या प्रश्नाला माझे उत्तर ‘आयपी’ असे आहे. ती केवळ नवी आहे म्हणून नव्हे, तर जुनी कमांड काही वेळा अपुरी माहिती देते आणि ती अपुरी असल्याचे कळूही देत नाही म्हणून.

‘आयएफकॉन्फिग’ १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीपासून चालत आली आहे. लिनक्सवर ती ‘नेट-टूल्स’ या पॅकेजमधून मिळते, तर ‘आयपी’ ही ‘आयपीरूट२’ या पॅकेजमधून. २०१७ साली आलेल्या डेबियन ९ या लिनक्स आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ‘नेट-टूल्स’ आपोआप येत नाही. त्यामुळे अनेक सर्व्हरवर जुनी कमांड दिली की ‘कमांड नॉट फाउंड’ एवढेच उत्तर मिळते.

खरा फरक एकाच नेटवर्क कार्डावर अनेक पत्ते असताना दिसतो. ‘ईटीएच०’ या इंटरफेसवर (म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर) १९२.१६८.१.१० हा पत्ता असताना ‘आयपी’ने, वेगळे लेबल (नाव) न देता, १९२.१६८.१.२० हा दुसरा पत्ता जोडला, तर ‘आयपी ॲड्रेस’ दोन्ही पत्ते दाखवते आणि दुसऱ्यापुढे ‘सेकंडरी’ असेही लिहिते. ‘आयएफकॉन्फिग’ मात्र पहिलाच दाखवून थांबते. याचे कारण असे की जुनी कमांड कर्नलशी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याशी, ‘आयऑक्टल’ या जुन्या पद्धतीने बोलते व तिला एका नावामागे आयपीव्ही४ चा (वरच्यासारखा चार आकड्यांचा) एकच पत्ता मिळतो, तर ‘आयपी’ ही ‘नेटलिंक’ या दुसऱ्या मार्गाने संपूर्ण यादी मागवते. दुसऱ्या पत्त्यावर सेवा चालू असेल आणि तो दिसतच नसेल, तर बिघाड शोधणारा भलत्याच दिशेला जातो. ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते.

बंद असलेले इंटरफेसही ‘आयपी’ न मागता दाखवते. ‘आयएफकॉन्फिग’ला त्यासाठी ‘-ए’ जोडावे लागते. केबल निघाली असल्यास ‘आयपी’च्या ओळीत ‘नो-कॅरिअर’ असे स्पष्ट येते, तर ‘आयएफकॉन्फिग’मध्ये ‘रनिंग’ हा शब्द गायब होतो, आणि नसलेला शब्द घाईत कोणाच्या लक्षात येणार?

जुन्या कमांडची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. आलेली-गेलेली पॅकेट्स (माहितीचे तुकडे) आणि त्यांतील चुका ती पहिल्याच फटक्यात दाखवते, तर ‘आयपी’कडून तेच हवे असल्यास ‘आयपी -एस लिंक’ असे लिहावे लागते. ‘आयपी ॲड्रेस’चे उत्तरही प्रथमदर्शनी दाट वाटते, त्यावर ‘आयपी -बीआर ॲड्रेस’ हा चांगला उपाय आहे, कारण त्यात प्रत्येक इंटरफेसचे नाव, स्थिती आणि पत्ते एकाच ओळीत येतात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना ‘-जे’ दिल्यास हीच माहिती प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या जेसन स्वरूपात मिळते.

मॅकओएस आणि फ्रीबीएसडी या प्रणालींवर मात्र ‘आयएफकॉन्फिग’ हेच मूळ साधन आहे व तेथे ‘आयपी’ सोबत येत नाही. अशी यंत्रेही हाताळावी लागत असतील, तर जुन्या कमांडचे उत्तर वाचता येण्याइतकी तिची ओळख ठेवावी. लिनक्सवर केवळ तिच्यासाठी ‘नेट-टूल्स’ बसवण्याची गरज नाही.