फर्नेसशेजारचा गेटवे: आठ महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते. गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौदा एनर्जी मीटरसाठी एक गेटवे, म्हणजे मीटरांचे आकडे गोळा करून पुढे पाठवणारा डबा, बसवला. खालून मॉडबस या कारखान्यातल्या यंत्रांच्या भाषेत मीटर वाचायचे आणि वर एमक्यूटीटी या नेटवरून संदेश पाठवायच्या पद्धतीने डेटा पाठवायचा, एवढंच त्याचं काम. किंमत साडेअठरा हजार, वर जीएसटी. कंपनीचं नाव देत नाही. असा डबा आता बऱ्याच कंपन्या करतात, त्यामुळे घेताना काय तपासायचं तेच लिहिते.

मेल्टिंगला टनामागे किती युनिट गेले, हे आम्हाला बिल आल्यावर कळायचं. तोवर महिना हातातून गेलेला असायचा. मीटर सगळे आरएस-485चे, म्हणजे दोन तारांच्या एकाच लाइनवर ओळीने जोडायचे. मॉडबस 1979चा, पण आजही मीटर, ड्राइव्ह, कंप्रेसर, जे घ्याल त्यात तो असतोच. एका विक्रेत्याने सगळं प्रोफिनेट या वेगवान औद्योगिक नेटवर्कवर न्यायला सुचवलं होतं. आमच्या नव्या मोल्डिंग मशीनवर प्रोफिनेट आहे आणि तिथे ते हवंच, कारण तिथे मिलिसेकंदांचा हिशेब असतो. मीटरला दहा सेकंदांनी एक रीडिंग पुरतं. त्यासाठी चौदा चालू मीटर फेकून देणं मला पटलं नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. फर्नेस फुल पॉवरवर गेली की सहा मीटर एकदम गप्प व्हायचे. सगळे गेटवेला दोष देत होते. मी लाइन बंद करून दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावला. दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असले की साठच्या आसपास दिसायला हवं, मला चाळीसही भरेना. म्हणजे तिसरा रेझिस्टर कुठेतरी आहे. साच्यांची वाळू तयार होते त्या सँड प्लँटच्या पॅनलमधल्या, म्हणजे लाइनच्या मधल्याच एका मीटरचं टर्मिनेशन (आतला टोकाचा रेझिस्टर) कुणीतरी चालू ठेवलं होतं. शिवाय केबल फर्नेसच्या पॉवर केबलच्या ट्रेमधूनच ओढलेली, आणि शील्ड (तारांवरची धातूची जाळी) दोन्हीकडे अर्थ केलेली. केबल वेगळ्या पाइपातून नेली, शील्ड एकाच टोकाला अर्थ ठेवली, मधला रेझिस्टर काढला. त्यानंतर त्या लाइनवर मीटर गेलेला नाही. एक मात्र सांगते, ए आणि बी ही अक्षरं प्रत्येक कंपनी आपल्या मनाने छापते. अधिक-उणे चिन्ह बघूनच वायर जोडा.

आता डब्याविषयी. सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे त्याचे दोन्ही आरएस-485 पोर्ट आयसोलेटेड आहेत, म्हणजे विजेच्या दृष्टीने बाकी सर्किटपासून वेगळे. सँड प्लँट आणि फर्नेसचं अर्थ पोटेन्शियल सारखं नसतं, आणि आमचे आधीचे दोन साधे कन्व्हर्टर त्यातच जळाले असं माझं मत आहे. दुसरं, 32 बिटचं रीडिंग दोन रजिस्टरांत, म्हणजे मीटरच्या दोन कप्प्यांत विभागून येतं आणि त्यांचा क्रम मीटरगणिक बदलतो. कंप्रेसरचा मीटर कोट्यवधी किलोवॉट दाखवत होता. इथे प्रत्येक टॅगला, म्हणजे वाचायच्या प्रत्येक आकड्याला, क्रम उलटवायची सोय आहे, दोन मिनिटांत आकडा जागेवर आला. तिसरं, एखादा मीटर बंद असेल तर गेटवे त्याला दर फेरीत तीन-तीनदा हाक मारत बसत नाही, थोडा वेळ सोडून देतो. बाकीचे रखडत नाहीत.

सुरक्षेचं मी आग्रहाने सांगते. साध्या मॉडबसमध्ये पासवर्ड ही गोष्टच नाही. नेटवर्कवरचा मॉडबसचा 502 पोर्ट बाहेरून उघडा ठेवला तर कुणीही लिहू, म्हणजे सेटिंग बदलू शकतं. एमक्यूटीटीत आपला डबाच बाहेर संपर्क करतो, आत येणारा पोर्ट उघडावा लागत नाही. 1999 साली तेलाच्या पाइपलाइनची माहिती महागड्या उपग्रह लिंकवरून आणण्यासाठी ते बनवलं गेलं, त्यामुळे कमी डेटात भागतं. आमचं सिमकार्डावर चालतं. सेटिंगमध्ये फक्त वाचायची परवानगी ठेवा, लिहिण्याचे फंक्शन कोड (मॉडबसचे आदेश) बंद करा.

दोष एकच, पण मोठा. जुलैच्या पावसात लाइट आणि नेटवर्क दोन्ही गेले. लाइट आधी आली, डबा चालू झाला, आणि नेटवर्क येईपर्यंतची रीडिंग्ज 1 जानेवारी 1970, पहाटे साडेपाच या वेळेपासून, म्हणजे कॉम्प्युटरच्या घड्याळाच्या शून्यापासून साठत गेली. आत घड्याळाची बॅटरीच नाही, वेळ नेटवरूनच घेतो. त्या शिफ्टचा हिशेब मला वहीवरून लावावा लागला. कंपनीच्या सपोर्टवाल्यांनी फोन उचलला आणि मार्गही सांगितला: प्लँटमधल्या कॉम्प्युटरवरून वेळ द्या. तसं केलंय, चालतंय. पण हे माहितीपत्रकात लिहायला हवं होतं.

मेल्टिंगच्या पोरांना आता प्रत्येक हीटचे, म्हणजे वितळवायच्या प्रत्येक खेपेचे, युनिट स्क्रीनवर दिसतात. धातू धरून ठेवताना झाकण उघडं राहिलं की आकडा वर चढतो, ते त्यांनीच मला दाखवलं. सँड प्लँटसाठी दुसरा गेटवे मागवलाय, त्याच कंपनीचा. ऑर्डरवर मात्र ‘घड्याळाच्या बॅटरीसह’ असं लिहून घेतलंय.