माथेरान की महाबळेश्वर? स्थानिकांच्या बाजूने एक तुलना

थंड हवेच्या ठिकाणी दोन-तीन दिवस काढायचे ठरले की मुंबई-पुण्याच्या कुटुंबांत माथेरान आणि महाबळेश्वर ही दोन नावे हमखास निघतात आणि निवड होते ती हवा, पॉइंट आणि हॉटेलांचे दर पाहून. या आढाव्यात निकष वेगळा घेतला आहे. आपल्या जाण्याने तिथल्या रहिवाशांच्या पदरात काय पडते आणि त्यांना काय सोसावे लागते, हे येथे पाहायचे आहे. दोन्ही गावे इंग्रजी अमदानीत नावारूपाला आली. महाबळेश्वरची माल्कम पेठ १८२८-२९च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने वसली, तर माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत भरले. मूळ इतके सारखे असूनही आज दोन्हीकडचे अर्थकारण निराळे आहे, आणि माझ्या मते त्याला मुख्यतः एकच गोष्ट कारणीभूत आहे, ती म्हणजे पर्यटकाची गाडी कुठपर्यंत जाते.

माथेरानला ती दस्तुरी नाक्यावर थांबते, कारण पुढे गावात मोटारींना बंदी आहे. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर आहे, आणि हे अंतर चालत, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकातून निघणाऱ्या छोट्या रेल्वेने कापावे लागते. नाक्यावर उतरताच हमाल पुढे येतात. त्यांत पायथ्याच्या वाड्यांतून चढून आलेल्या बायकाही असतात, आणि चाकांची भलीमोठी बॅग डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवून त्या भरभर चालू लागतात. थोडक्यात, हॉटेलात पाऊल ठेवण्यापूर्वीच पर्यटकाच्या खिशातला काही पैसा थेट मजुरी म्हणून स्थानिक हातांत गेलेला असतो. २०११च्या जनगणनेत पाच हजारांनाही न पोचलेल्या या गावात अशी रोजची मजुरी ही किरकोळ बाब नव्हे.

मात्र या व्यवस्थेची किंमतही स्थानिकांनाच मोजावी लागते. गॅसच्या टाकीपासून सिमेंटच्या गोणीपर्यंत प्रत्येक वस्तू वर न्यायची म्हणजे वाहतुकीचा जादा खर्च आला, आणि आजारी माणसाला खाली नेणे तर त्याहून अवघड. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा हा तर वाहनबंदीचा सर्वांत लाजिरवाणा परिणाम होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांचा ई-रिक्षांना विरोध होता, आणि तो समजण्यासारखा आहे, कारण वाटणी त्याच मर्यादित प्रवाशांची होणार. घोड्यांच्या टापांनी उखडणारी लाल माती आणि पावसात वाहून जाणारे रस्ते हा प्रश्नही खराच आहे. त्यावर न्यायालयाने दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर मातीच्या पेव्हर ब्लॉकना मुभा दिली आणि आतल्या पायवाटा व घोड्यांच्या वाटा तशाच ठेवल्या. मला हा तोडगा रास्त वाटतो.

महाबळेश्वरची गोष्ट नेमकी उलट आहे. गाडी हॉटेलच्या दारात जाते, विल्सन पॉइंटला जाते, आर्थर सीटच्या अलीकडच्या वाहनतळापर्यंतही जाते, आणि त्यामुळे पैसा गावात न साचता वाई-पाचगणीपासून तापोळ्यापर्यंत पसरतो. त्याचा सर्वांत ठळक लाभ स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्याला होतो. पावसाळा सरता सरता गादीवाफ्यांवर रोपे लावायची, फळ मातीला टेकू नये म्हणून प्लॅस्टिकचे आच्छादन घालायचे आणि मग एप्रिलपर्यंत पहाटे उठून तोडणी करायची, असे हे कष्टाचे पीक आहे. २०१०मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शेताच्या बांधावर पाटी भरून विकलेल्या फळाला दलाल लागत नाही, ही सोय पर्यटकाच्या गाडीनेच करून दिली आहे. २०१७पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिलारमध्ये तर घरांच्या ओसऱ्यांवर आणि देवळांत वाचनालये मांडली आहेत. पाहुणा पुस्तक वाचायला बसतो आणि बरेचदा त्याच घरी जेवतो.

पण जी गाडी हे देते, तीच शनिवार-रविवारी पसरणी घाटात आणि वेण्णा तलावाकाठी रांगा लावते, आणि शाळेला, बाजाराला किंवा दवाखान्याला निघालेला स्थानिक माणूस त्याच रांगेत अडकतो. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या डोंगरावर उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते, कारण पाऊस उतारावरून निघून जातो आणि मागणीचा कळस मात्र एप्रिल-मे महिन्यांतच गाठला जातो. जमिनीचा प्रश्न याहून खोल आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१मध्ये आणि माथेरान २००३मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाले. तरी जिथे रस्ता पोचतो तिथे बंगल्यांसाठी जमिनीला गिऱ्हाईक येतेच, आणि एकदा शेत विकलेला शेतकरी पुढे त्याच जागेवर राखणदार किंवा माळी म्हणून राबण्याची शक्यता असते. सातारा जिल्ह्यात नवे गिरिस्थान वसवण्याच्या ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाकडे मी म्हणूनच साशंकतेने पाहतो.

निवड करणाऱ्याने आपली गरज आधी पाहावी. सोबत वयस्कर मंडळी असतील, गुडघे दुखत असतील, तर महाबळेश्वर सोयीचे. तिथे मधल्या वारी जावे, मोठ्या रिसॉर्टऐवजी भिलार किंवा तापोळ्याकडच्या घरगुती निवासात उतरावे आणि स्ट्रॉबेरी शेतावरून घ्यावी. चालण्याची तयारी असेल आणि गाडी सोडवत असेल तर माझा कौल माथेरानला आहे, कारण तिथे खर्चातला मजुरीचा वाटा डोळ्यांना दिसतो. हमालाशी किंवा घोडेवाल्याशी दर आधीच ठरवावा, मात्र ठरल्यावर पाच-पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नये. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे बंद असते, अमन लॉजची फेरी बहुधा चालू राहते आणि गिऱ्हाईक कमी असते. त्या दिवसांत गेलेला पर्यटक तिथल्या दुकानदाराला मे महिन्यातल्या पर्यटकापेक्षा अधिक हवा असतो.