लेकॅनेमॅब की डोनानेमॅब? अमेरिकेत आई-बाबांचे उपचार करणाऱ्यांसाठी

दोन्ही औषधं अल्झायमर थांबवत नाहीत, उतरण थोडी मंद करतात. आजार सुरुवातीचा हवा, अमायलॉइड (मेंदूत साचणारं प्रथिन) तपासणीत दिसलेलं हवं, हे न्यूरॉलॉजिस्टने सांगितलंच असेल. दोघांतलं कोणतं, एवढाच प्रश्न उरतो. आमच्या घरी डोनानेमॅब निवडलं ते वेळापत्रकापायी.

लेकॅनेमॅब दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं, किलोमागे १० मिलिग्रॅम, साधारण तासभर. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव नाही ना हे बघायला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि चौदाव्या डोसआधी एमआरआय. खरा जाच इथे आहे. दुसऱ्या डोसनंतर हातात १४ दिवस असतात. तेवढ्यात एमआरआयची वेळ मिळवायची, रेडिऑलॉजिस्टचा रिपोर्ट यायचा, न्यूरॉलॉजिस्टने तो बघून होकार द्यायचा आणि तो इन्फ्युजन सेंटरच्या (जिथे सलाईन देतात तिथल्या) फार्मसीपर्यंत पोचायचा. होकार नसेल तर औषध तयारच करत नाहीत, आणि पुष्कळदा हे कळतं ते पेशंट खुर्चीत बसल्यावर. डोनानेमॅबलाही दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या डोसआधी एमआरआय लागतोच, पण दोन डोसांत चार आठवडे असल्याने रिपोर्ट रेंगाळला तरी निभावतं. औषध जातंही अर्ध्या तासात. त्यानंतर निदान अर्धा तास थांबवून घेतात.

कोणतंही घ्या, सगळे एमआरआय शक्यतो एकाच मशीनवर करा. मशीनची ताकद बदलली की आधी न दिसलेले सूक्ष्म रक्तस्रावाचे ठिपके दिसू लागतात, आणि ते नवे की जुने यावर डोस अडकतो.

लेकॅनेमॅबची बाजू कमकुवत नाही. मेंदूला सूज येण्याचं प्रमाण मुख्य चाचणीत १२.६ टक्के होतं, डोनानेमॅबच्या चाचणीत २४. मात्र २०२५ पासून डोनानेमॅब ३५०, ७००, १०५० आणि मग १४०० मिलिग्रॅम असं चढवत देतात. त्या पद्धतीत हा आकडा १४ पर्यंत उतरला. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवणं तसं फसवंच. अल्झायमरची शक्यता वाढवणाऱ्या एपीओई-४ जनुकाच्या दोन प्रती असतील तर धोका दोन्हींत बराच वाढतो. तिथे माझा कल बाजूला ठेवून डॉक्टरांचं ऐका. पाकिटात औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड हवंच. सुजेची लक्षणं पक्षाघातासारखी दिसू शकतात, आणि इमर्जन्सीत गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर जिवावर बेतू शकतं.

दीड वर्षानंतर लेकॅनेमॅब महिन्यावर आणता येतं, किंवा घरी आठवड्याला इंजेक्शन घेता येतं. डोनानेमॅब मात्र मेंदूच्या पेट (PET) स्कॅनमध्ये अमायलॉइड पुरेसं उतरलं की बंदच करता येतं. चाचणीत वर्षभरात जवळपास निम्म्यांचं झालं. डोनानेमॅबची यादीतली किंमत वर्षाला ३२,००० डॉलर, लेकॅनेमॅबची २६,५००, पण संपणारा खर्च निराळा. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या पार्ट बीमध्ये २० टक्के आपल्याकडे येतात, पूरक विमा नसेल तर. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांना मेडिकेअर विकत घ्यायलाही सहसा पाच वर्षांचं सलग वास्तव्य लागतं.

एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीत जायचा विचार असेल तर पहिल्या डोसआधीच चौकशी करा. ही दोन्ही औषधं अमायलॉइड काढणाऱ्या अँटिबॉडी आहेत, आणि अशी अँटिबॉडी घेतलेल्यांना बऱ्याच चाचण्या घेत नाहीत.