१,१४९ रुपयांचं ग्राउंडिंग किट: सहा महिने वापरून झाल्यावर

माझं इचलकरंजीत मेडिकल आहे. एकोणीस वर्षं काउंटरवर उभा आहे, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी मागची बाजू वाचायची सवय. ह्या ग्राउंडिंग किटच्या, म्हणजे घाबरलेल्या मनाला स्पर्श, वास, चवीनं जागेवर आणायच्या वस्तूंच्या, डब्याची मागची बाजू मात्र ऑर्डर देताना वाचली नाही. रात्रीचे अडीच वाजले होते आणि माझेच हात मला दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते.

ते आधी सांगतो, नाहीतर हे किट कशासाठी घेतलं ते कळायचं नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, दुकानात गर्दी असताना एकदम धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या, ओठांना मुंग्या, घसा आवळलेला. मला वाटलं, संपलं, अटॅक. समोरच्या मावशी शुगरच्या गोळ्या मागत होत्या आणि त्यांचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा येत होता. माझ्या काउंटरला काच नाही, पण मधे काच आहे असंच वाटायला लागलं. पलीकडे माझंच दुकान, माझीच कपाटं, आणि सगळं कुणीतरी नाटकासाठी मांडून ठेवल्यासारखं. दुकानातल्या पोरानं रिक्षात घातलं. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. पॅनिक अटॅक, असं डॉक्टर म्हणाले. (पहिल्या वेळी ह्या तपासण्या कराच. छातीत दुखतंय म्हटल्यावर घरी बसून आंबट गोळी चघळायची नसते.)

धडधड पंधरा मिनिटांत ओसरली. काच मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिली. ह्या प्रकाराला डीरिअलायझेशन म्हणतात. ह्यात माणसाचं भान सुटत नाही. सगळं खोटं वाटतंय, पण ते खोटं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी वाटायचं ते वाटतंच, आणि आपण आता कायमचे असेच राहणार ह्या भीतीनं पुन्हा धडधड.

अल्प्राझोलामचं, म्हणजे घबराट आणि झोपेसाठी देतात त्या गोळीचं, कपाट माझ्या उजव्या हाताला आहे. शेड्यूल एच-वन, म्हणजे कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, वेगळ्या रजिस्टरला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. मी त्या कपाटाला हात लावला नाही तो काही फार शहाणा म्हणून नाही. ‘झोपंची एक पट्टी द्या की ओ’ म्हणत येणारी, अर्ध्या गोळीवरून दोनवर गेलेली माणसं रोज बघतो, त्याची भीती. ज्यांना डॉक्टरांनी दिली आहे त्यांनी माझं वाचून बंद करू नये. ती गोळी एकदम सोडली की त्रास जास्त होतो. असो.

तर किट. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशी दहा किटं दहा नावांनी मिळतात. निळसर डबा, आत मखमली पाऊच. त्यात लॅव्हेंडरचा रोल-ऑन, एक गुळगुळीत दगड, काटेरी स्टीलची अंगठी, दहा आंबट गोळ्या, बारा कार्डं आणि सहा महिने चालणारं ॲप. डब्यावर एक डोळे मिटलेली बाई, जिला आयुष्यात कधी पॅनिक आलेलं नाही.

कार्डं सगळी इंग्रजीत, फिकट राखाडी अक्षरांत. बुडत्या माणसाकडून फॉर्म भरून घ्यावा तसा प्रकार. त्यातलं एक कार्ड मात्र कामाचं, पाच-चार-तीन-दोन-एकचं: दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. पहिल्यांदा मी पंखा, खुर्ची, भिंत, दार, बल्ब असं सहा सेकंदांत उरकलं आणि वाट बघत बसलो. काही झालं नाही. दहा वेळा केलं तेव्हा चूक कळली. ही यादी करायची नसते, बघायचं असतं. पॅरासिटामॉलची पट्टी हातात घ्यायची, बॅच नंबर एकेक अक्षर वाचायचा, एक्सपायरीचा शिक्का कुठं तिरका पडलाय ते बघायचं, फॉइलची कड नखाला कशी लागते ते बघायचं. एका वस्तूला अर्धा मिनिट. पाच कशाला, माझं कधी कधी दोनमध्येच भागतं.

ऐकण्याचं तर मला फुकट मिळालं. आमच्या मागच्या गल्लीत कापड विणायचे माग आहेत. जन्मापासून ऐकतोय, त्यामुळे ती खटखट आम्हाला ऐकूच येत नाही, लाईट गेली की उलट दचकायला होतं. एका रात्री काच पडलेली असताना मुद्दाम कान लावला तर दोन माग वेगवेगळे ऐकू आले. एक सरळ चाललेला, दुसऱ्याचा धोटा मधेच अडखळत होता. अडखळला की मी मोजायचो. अठरापर्यंत गेलो आणि लक्षात आलं की पाय गार फरशीवर आहेत. म्हणजे पाय माझे आहेत.

वासाची मात्र पंचाईत. मेडिकलवाल्याच्या नाकाला औषधांशिवाय काही येत नाही आणि ह्यांचं लॅव्हेंडर इतकं सभ्य की आलं कधी न गेलं कधी. झोपताना लावायला ठीक. काच पडलेली असताना ओवा तळहातावर रगडून हुंगा, डोळ्यात पाणी येईल असा. दगड पूर्ण वाया. खिशात पाच मिनिटांत अंगाइतका गरम होतो, मग तो आहे हेच कळत नाही. अंगठी चांगली. बोटावरून वर-खाली फिरवली की टोचते पण दुखत नाही, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला कळतही नाही. आंबट गोळ्या सगळ्यांत चांगल्या, म्हणूनच त्या दहाच दिल्या असाव्यात. संपल्यावर दहाच गोळ्यांचे १९९ मागतात. मी चिंचेचं बोटूक आणि मीठ एका रिकाम्या डबीत भरून ठेवलं.

किटमध्ये जे हवं होतं ते नाहीच: गारवा. इन्सुलिनच्या पार्सलबरोबर जेल पॅक येतात, ते माझ्या फ्रीजरमध्ये पडून असतात. एक रुमालात गुंडाळून गालांवर आणि डोळ्यांभोवती धरला की अर्ध्या मिनिटात धडधड उतरायला लागते. तोंडावर गार पाणी मारलं तरी तेच, चेहऱ्याला गारवा लागला की नाडी मंदावते, शरीराची तशी रचनाच आहे. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी विचारून करावं.

ॲप म्हणजे एक फुगणारं वर्तुळ आणि ‘डीप ब्रेथ’ म्हणणारा घोगरा परदेशी आवाज. नेमका इथंच घोळ. भीतीनं आपण आधीच भराभर श्वास घेत असतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मुंग्या, चक्कर, ते सगळं खोटं-खोटं वाटणं त्यातूनच वाढतं. वर आणखी मोठमोठे श्वास ओढले तर बघायलाच नको. लांब सोडायचा असतो तो उच्छ्वास. चार मोजून घ्या, सहा-सात मोजून सोडा, तोंड शिट्टीसारखं करून. आणि कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय कुणी सांगितला तर करू नका, दमा किंवा हृदयाचं काही असेल तर तो अंगाशी येतो.

एवढ्यावर मी तीन तारे देऊन मोकळा झालो असतो. पण डिसेंबरात एक गोष्ट घडली.

नृसिंहवाडीला निघालो होतो, बायको आणि मी. एसटीत बसल्यावर खिसा चाचपला, पाऊच घरी. बाकी काही झालं नव्हतं, ना धडधड, ना मुंग्या. नुसतं पाऊच नाही एवढ्यावर काच खाली आली. बायको म्हणाली, ‘अहो, दगडच आहे की तो.’ उतरलो आणि परत आलो. दत्ताला लांबूनच नमस्कार.

त्या रात्री १४४१६ ला फोन केला. टेली-मानस, सरकारी, फुकट, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईंनी घाई केली नाही. कुणाला तरी समोर बसून भेटा, म्हणाल्या. म्हणून कोल्हापूरला एका समुपदेशक मॅडमकडे गेलो. त्यांनी पाऊच टेबलावर ठेवायला सांगितलं आणि म्हणाल्या, ‘आता एक मिनिट जोरजोरात श्वास घ्या. मी घड्याळ लावते.’

मी म्हटलं, ‘मॅडम, त्यानं मला होतं.’

‘म्हणूनच तर.’

चाळीस सेकंदांत मुंग्या, पन्नासाव्याला काच. भिंतीवरचं कॅलेंडर सपाट, मॅडमचा चेहरा फोटोसारखा. पाऊचकडे हात गेला तर त्या नुसत्या ‘नको’ म्हणाल्या. मग विचारायला लागल्या, आता कुठं वाटतंय, किती वाटतंय, दहापैकी किती. नऊ. आठ. पुन्हा आठ. कॅलेंडरवर कुठल्या तरी पतसंस्थेचा पत्ता होता, तो वाचता वाचता आकडा पाचवर आला. सगळा मिळून सहा-सात मिनिटांचा खेळ. ती काच मी स्वतः श्वासानं आणली आणि काही न करता ती गेली, हे मला १,१४९ रुपयांच्या डब्यात कुठंच लिहिलेलं सापडलं नव्हतं. डब्यावर ‘पॅनिक पळवून लावा’ असं लिहिलंय. मॅडमचं म्हणणं, पळवायला गेलात की तुम्ही सारखं बघत राहणार, गेली का, गेली का. खरं आहे. मी दिवसातून वीस वेळा आरशात बघून तपासायचो, मी मीच वाटतोय का. आरशात बराच वेळ टक लावून बघितलं तर बऱ्याच जणांना स्वतःचा चेहरा परका वाटतो, करून बघा. किंवा नका बघू.

आता त्या वस्तू मी वापरतो, पण भीती घालवायला नाही. भीती असू दे, तिच्यासकट मावशींच्या गोळ्या मोजायच्या आहेत, म्हणून बोटांना कामाला लावायला. चार भेटी झाल्या, महिन्यातून दोन. काच अजून येते. मार्चअखेरीला स्टॉक मोजताना आली होती, तशीच राहू दिली आणि मोजणी पुरी केली. दोन डबे चुकले.

किटला पाचपैकी दोन तारे. एक अंगठीला, एक पाच-चार-तीनच्या कार्डाला. ते कार्ड मी मराठीत लिहून काढून बिलबुकाच्या पहिल्या पानावर चिकटवलंय. रोल-ऑन बायकोनं संपवला. दगड वाऱ्यानं उडणाऱ्या चिठ्ठ्यांवर ठेवतो, तेवढ्याला उत्तम. अंगठी सुट्ट्या पैशांच्या खणात असते आणि पैसे परत घेईपर्यंत गिऱ्हाइकं ती उगाच बोटात घालून बघतात. परवा एक माणूस चिठ्ठीशिवाय झोपेची पट्टी मागत होता, नाही म्हटलं तर जाईना, अंगठी फिरवत उभाच राहिला. त्याला स्टूल दिलं, १४४१६ लिहून दिला. जाताना अंगठी घेऊन गेला.