रताळी, गाजर की बीट? साखर कुठे बसते ते पाहून ठरवा

अर्धा एकर ओलिताची जमीन मोकळी आहे, दसरा-दिवाळीच्या सुमारास काहीतरी जमिनीखालचं पीक घ्यायचं आहे आणि मन रताळी, गाजर, बीट या तिघांत अडकलं आहे, अशा शेतकऱ्यासाठी हे लिहितो आहे. भावाचं गणित ज्याच्या त्याच्या बाजारपेठेचं. पण पानातली साखर मुळात कशी उतरते आणि तिथे कोणत्या रूपात बसते हे कळलं, की खत, पाणी, काढणी आणि साठवण यांची बरीच उत्तरं आपोआप मिळतात.

सुरुवात तिघांची सारखीच. पान उन्हात सुक्रोज बनवतं, म्हणजे आपल्या चहातलीच साखर. ती रसवाहिन्यांत ऊर्जा खर्चून भरली जाते, तिच्यामागे पाणी ओढलं जातं, दाब वाढतो आणि रस कमी दाबाच्या बाजूला वाहू लागतो. एर्न्स्ट म्युंख या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० साली केलेली ही मांडणी आजही टिकून आहे. यातली कळीची गोष्ट अशी, की मुळाने आलेली साखर उचलून बाजूला ठेवली तरच मागची साखर येत राहते. नत्र जास्त झालं की नवा पालाच ती साखर खाऊन टाकतो आणि वर हिरवंगार दिसणाऱ्या वाफ्यात खाली बोटभर मुळं सापडतात. युरिया टाकताना हात आखडता घ्या, हे तिन्ही पिकांना लागू.

फरक पडतो तो साखर बाजूला ठेवण्याच्या पद्धतीत.

रताळं आलेली साखर फोडतं आणि तिचं स्टार्च करून ठेवतं. साखर पाण्यात विरघळते, त्यामुळे ती पेशीत साठली की पाणीही आत ओढत राहते. स्टार्चचे कण तसे विरघळत नाहीत, म्हणून पेशीवर ताण न येता खूप माल भरता येतो. बऱ्याच वाणांत ओल्या वजनाच्या १५ ते २० टक्के स्टार्चच असतं. वेल लावल्यावर पहिला महिना-दीड महिना महत्त्वाचा, कारण कोणती मुळं फुगणार आणि कोणती दोरीसारखी चिवट राहणार हे तेव्हाच ठरतं. त्या काळात पाणी तुंबलं किंवा माती दडपली, तर पुढे कितीही काळजी घेतली तरी भरपाई होत नाही. सरी-वरंब्यावर, भुसभुशीत जमिनीत लावा. वेल मध्येच उचलून परतवा, नाहीतर पेरांपेरांवर मुळं फुटतात आणि साखर वाटली जाते.

कच्चं रताळं फारसं गोड का लागत नाही, याचं उत्तरही यातच आहे. शिजताना स्टार्च फुगतं आणि रताळ्यातलंच एक विकर (एन्झाइम) त्याची माल्टोज ही साखर करतं. त्याला वेळ लागतो, म्हणून निखाऱ्यात सावकाश भाजलेलं रताळं घाईने शिजवलेल्यापेक्षा गोड लागतं.

गाजर मात्र साखर साखरेच्याच रूपात ठेवतं, पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीत, विरघळलेली. कोवळ्या गाजरात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असतात, पुढे सुक्रोजचा वाटा वाढत जातो. म्हणून भाव दिसला की महिनाभर आधी उपटलेलं गाजर पांचट लागतं, आणि फार उशीर केला तर आतला दांडा लाकडासारखा होतो. बाहेरचा भाग दांड्यापेक्षा गोड, त्यामुळे बियाणं निवडताना बारीक दांड्याचा वाण बघा. विरघळलेली साखर पाणी ओढते, म्हणून जमीन कोरडी पडू देऊन एकदम भरपूर पाणी दिलं की गाजर उभं तडकतं. पाणी थोडं पण नेमाने हवं. थंडी मिळाली तर गोडी वाढते, उष्ण हवेत उग्र चव येते.

बीटही साखरच साठवतं. आडवं कापल्यावर जी वर्तुळं दिसतात, त्या प्रत्येकात स्वतःच्या रसवाहिन्या असतात, त्यामुळे साखरेला साठवणीच्या पेशीपर्यंत फार लांब जावं लागत नाही. याच कुळातल्या शुगरबीटमध्ये १५ ते २० टक्के साखर भरते. आंद्रेआस मारग्राफ यांनी १७४७ साली बीटमधली साखर वेगळी करून दाखवली आणि त्यावरच युरोपचा साखरधंदा उभा राहिला. आपलं भाजीचं बीट तेवढं गोड नसतं, पण दोन-सव्वादोन महिन्यांत हाती येतं. त्याचं एक बी म्हणजे दोन-तीन बियांचा गुच्छ असतो, म्हणून विरळणी टाळू नका.

आता साठवण, आणि माझ्या मते निवड इथेच व्हावी. गाजर-बीटला शून्य अंशाजवळची थंडी आणि दमट हवा लागते. ती मिळाली तर गाजर महिनोन्‌महिने टिकतं, नाही मिळाली तर काही दिवसांत सुकतं. काढल्याबरोबर पाला छाटा, नाहीतर तो मुळातलं पाणी ओढत राहतो. सफरचंद किंवा पिकत्या फळांशेजारी गाजर ठेवू नका, ते कडू होतं. रताळ्याचं उलट. काढल्यावर ३० अंशांच्या आसपास, दमट हवेत चार ते सात दिवस ठेवलं की जखमा भरतात, साल पक्की होते, मग सावलीत हवेशीर जागी ते बरेच आठवडे राहतं. १२ अंशांखाली मात्र ते बिघडतं, म्हणून फ्रीजमध्ये कधीच नको.

शीतगृह जवळ नसेल तर मी रताळीच लावेन. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वेल लावले, तर सुमारे चार महिन्यांनी, म्हणजे महाशिवरात्रीच्या उपवासाला माल तयार होतो. आठ-दहा दिवस मागेपुढे झाले तरी स्टार्च सांभाळून घेतं. शहर जवळ असेल, रोज ताजा माल जाणार असेल आणि खुरपणीला माणसं मिळत असतील, तर गाजर घ्या. दोन पिकांच्या मधली फट भरायची असेल तर बीट.

रताळ्याचा एकच धोका मोठा आहे, सोंड्या भुंगा. त्याने पोखरलेलं रताळं कडू होतं आणि खाण्याजोगं राहत नाही. तो जमिनीच्या भेगांतून खाली शिरतो, म्हणून मुळं फुगू लागली की वरंब्याला मातीची भर द्या आणि बेणं निरोगी मळ्यातूनच आणा.